अर्धं जठर काढलेल्या पेशंटची जळजळ
सदाशिव पेठेतले एक काका. अल्सरपायी अर्धं जठर काढून 30 वर्षं झालेली. “डॉक्टर, हिरवं-कडू पडतं, पण उलटी झाली तरी आग तशीच.” इथेच कान टवकारा: आतड्यातलं पित्त उरलेल्या जठरात येऊन आग होत असेल. उलटीनंतर एकदम हलकं वाटलं असतं, तर जठराला जोडलेल्या आतड्याचं वेटोळं अडलंय का, हे मी आधी पाहिलं असतं.

एंडोस्कोपीत पित्ताचं डबकं दिसलं, म्हणून लगेच ‘पित्तामुळेच जळजळ’ असा शिक्का मारू नका. अशा ऑपरेशननंतर ते कित्येकांत दिसतं. अस्तर लाल, सुजलेलं आहे का बघा. जोडावर व्रण शोधा. तपासणीसाठी अस्तराचे तुकडे जोडापासून लांबूनही घ्या, कारण उरलेल्या जठरात वर्षांनंतर कॅन्सर होऊ शकतो. हेलिकोबॅक्टर (अल्सर करणारा जठरातला जंतू) तपासायचा, तर ॲसिड कमी करणारी गोळी 2 आठवडे आधी बंद. काकांनी ती त्याच सकाळी चहाबरोबर घेतली होती!