टीव्ही आणि डिस्क प्लेअरची जोडी जमवताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी आमच्या लालबागच्या घरी 43 इंची टीव्ही आला. बाबांकडे जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींची अख्खी पेटी आहे, त्यातली एक त्यांनी हौसेनं लावली तर चित्र धुरकट आणि स्टेजवरची सगळी माणसं आडवी फुगलेली. बाबा काही बोलले नाहीत, डिस्क काढून परत पेटीत ठेवली, ते मला फार लागलं. दोष टीव्हीचा नव्हताच. फिटिंगला आलेल्या माणसानं जुनीच पिवळी-लाल-पांढरी वायर खोचली होती आणि प्लेअरच्या मागे एचडीएमआयचं भोक होतं त्यावर पहिल्या दिवसापासूनचं प्लास्टिकचं बूच तसंच होतं! पिवळ्या वायरमधून एचडी चित्र जातच नाही, टीव्ही लाखाचा असला तरी. वायर बदलली, प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही टाइप 16:9 (म्हणजे हल्लीच्या रुंद स्क्रीनचा आकार) केला आणि टीव्हीवर चित्र ताणणं बंद केलं, की माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायला लागली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, येऊ द्या, जुनी रेकॉर्डिंग 4:3 चीच, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीच्या आकाराची असतात.

दुसरी चूक म्हणजे डिस्ककडे न बघता टीव्ही घेणं. व्हीसीडीच्या चित्रात 352 गुणिले 288 म्हणजे जेमतेम 1 लाख ठिपके, डीव्हीडीत 4 लाखांच्या वर, फुल एचडीत 20 लाखांच्या वर आणि फोरकेत जवळपास 83 लाख. म्हणजे फोरके टीव्हीवर व्हीसीडी लावली की एकेका ठिपक्याला ऐंशी ठिपक्यांची जागा भरावी लागते, मग ते धूसर दिसणारच. जुन्या डिस्क जास्त बघणार असाल तर 55 इंची घेऊ नका, खरंच. आणि बॉक्सवर नुसतं ‘एचडी रेडी’ असेल तर तो बहुतेक वेळा 1366 गुणिले 768 चा पॅनल असतो, फुल एचडी नाही, हे दुकानात विचारून घ्या.

अंतर पण मोजा. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पलंगापासून भिंत सहा-सात फूट. 43 इंचाला साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे बसलात तर फुल एचडी आणि फोरके यातला बारकावा साध्या डोळ्याला कळत नाही. तिथे वाचलेले पैसे चांगल्या प्लेअरला लावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्लेअर. माझ्या मावसभावाला एका दुकानात ‘फोरके प्लेअर’ म्हणून जे दिलं तो साधा डीव्हीडी प्लेअर निघाला, चित्र फुगवून पाठवणारा, म्हणजे अपस्केलिंगवाला. त्यात ब्लू-रे, म्हणजे एचडी चित्राची डिस्क चालतच नाही, कारण डीव्हीडी लाल लेझरनं वाचतात आणि ब्लू-रेला निळा-जांभळा लागतो. तसंच साधा ब्लू-रे प्लेअर अल्ट्रा एचडी, म्हणजे फोरकेवाली ब्लू-रे डिस्क वाचत नाही. गेमिंग कन्सोलवर भागवणार असाल तर पीएस4 (प्लेस्टेशन 4) ला अल्ट्रा एचडी डिस्क चालत नाहीत, डिस्कवाल्या पीएस5 ला चालतात, पण त्यात साधी ऑडिओ सीडी चालत नाही, म्हणून घरातली एक व्हीसीडी आणि एक सीडी पिशवीत टाकून न्या आणि दुकानातच लावून बघा.

अल्ट्रा एचडी प्लेअर जोडला आणि स्क्रीन काळी झाली किंवा चित्र 1080 वरच, म्हणजे फुल एचडीवरच अडकलं तर आधी टीव्हीचं भोक बदला. फोरकेसाठी एचडीसीपी 2.2 (म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप) वालं लागतं आणि काही टीव्हींत ते सगळ्या भोकांना नसतं. रंग फिके वाटले तर टीव्हीत त्या पोर्टचं एन्हान्स्ड किंवा डीप कलर असं काहीतरी सेटिंग असतं, ते बऱ्याचदा बंद असतं. वायरसाठी हजारो रुपये घालवू नका, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला साधी हायस्पीड एचडीएमआय घ्या, फक्त उगाच दहा मीटरची नको.

परदेशातून भाचा प्लेअर आणतोय? आधी मागचं लेबल वाचायला सांगा. 100-240 व्होल्ट लिहिलेलं हवं, नुसतं 120 असेल तर आपल्या 230 वर लावलात की जळेल. आणि रिजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड! भारताचा डीव्हीडी रिजन 5, ब्लू-रेचा सी, अमेरिकेचे 1 आणि ए. त्यामुळे तिकडच्या प्लेअरवर इकडच्या रिजन लावलेल्या डिस्क अडतात. अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र रिजनची भानगड नाही.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे टीव्ही टांगू नका. डिस्कवरही बुरशी धरते. बाबा आता मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसतात, गोल गोल नाही, कारण सरळ ओरखडा पडला तर प्लेअर सांभाळून घेतो पण गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूनंच जातो आणि मग नाटकातला अख्खा प्रवेश अडकतो.