प्रदूषण चाचणीच्या तोंडावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडला तर काय करावं

चाचणीची तारीख जवळ आली आहे, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटला आहे आणि गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा बिघाडाचा कोड निघाला आहे. अशा वेळी बहुधा एकच उत्तर कानावर पडतं: कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल. पैसे मोजण्याआधी थोडं थांबा. एक्झॉस्टच्या नळीत बसवलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो गाडीच्या महागड्या भागांपैकी एक आहे. शिवाय तो आपणहून क्वचितच खराब होतो. बहुतेक वेळा इंजिनातला दुसराच कुठला तरी बिघाड त्याचा जीव घेतो. तो बिघाड तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर काही महिन्यांत त्याचीही तीच गत होते.

म्हणून तपासणीचा क्रम पाळा: आधी इंजिन, मग एक्झॉस्टची गळती, मग सेन्सर आणि सगळ्यात शेवटी कन्व्हर्टर. हे काम आदल्या दिवशी उरकण्यासारखं नाही. निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. पुढचं सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल गाड्यांची धूर शुद्ध करण्याची रचना वेगळी असते.

कन्व्हर्टर काय करतो, ते थोडक्यात

डब्याच्या आत हजारो बारीक नळ्यांची सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर त्या धातूंचा अतिशय पातळ लेप. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, यांचं इथे कार्बन डायऑक्साइड आणि वाफेत रूपांतर होतं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. या कामाला दोन अटी आहेत. पहिली, जाळी तापलेली हवी. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली ती जवळजवळ काहीच करत नाही. दुसरी, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ हवं. ते बिघडलं तर नवाकोरा कन्व्हर्टरसुद्धा चाचणीत नापास होऊ शकतो.

पायरी १: कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकाची निदान-यंत्रणा, वाचणारा साधा स्कॅनर पुरेसा आहे. सगळे कोड आणि त्यांच्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणी इंजिनाचे आकडे काय होते, हे वहीत उतरवा किंवा त्याचा फोटो काढून ठेवा. पी०४२० म्हणजे बँक १ च्या, म्हणजे इंजिनाच्या पहिल्या बाजूच्या, कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०४३० येतो. हा कोड कन्व्हर्टर मेल्याचा दाखला नव्हे. कन्व्हर्टरनंतर बसवलेल्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला जे दिसलं त्यावरून संगणकाने काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि सेन्सरला चुकीचं दिसण्याची कारणं बरीच आहेत. काही मॉडेलांसाठी तर कंपनीने संगणकाचं सॉफ्टवेअर सुधारून हा कोड हाताळला आहे. तुमच्या गाडीसाठी तसं काही आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारा.

सोबत पी०३०० ते पी०३०४ पैकी मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे) किंवा पी०१७१, पी०१७२ असे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचे कोड असतील, तर पी०४२० तूर्त बाजूला ठेवा. आधी ते सोडवा.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर वेग लगेच कमी करा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवा. याचा अर्थ या क्षणी मिसफायरमुळे कन्व्हर्टर भाजून निघतो आहे. न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं, तापमान भलतंच चढतं, लेपातले धातूचे कण एकमेकांत मिसळून निकामी होतात आणि पुढे जाळीच वितळते. असा तापलेला डबा खालचं वाळलेलं गवत पेटवू शकतो, तेव्हा गाडी कुठे उभी करता तेही पाहा.

पायरी २: इंजिनाची तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बहुतेक गाड्यांचं खरं दुखणं इथेच सापडतं.

स्पार्क प्लग काढून पाहा. फिका तपकिरी किंवा राखाडी रंग ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. ओलसर, तेलकट काळा थर असेल तर इंजिन ऑइल खातं आहे. एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसत असेल तर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्याशी अदलाबदल करा आणि मिसफायरचा कोड कॉइलबरोबर सरकतो का ते बघा. सरकला तर कॉइल दोषी. न सरकल्यास प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळा.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो त्याचे, आकडे पाहा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन आकड्यांची बेरीज शून्याच्या आसपास हवी. ती सतत अधिक दहाच्या वर असेल तर कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडतं आहे. सतत उणे दहाच्या खाली असेल तर गळका इंजेक्टर, बिघडलेला हवेचा सेन्सर, वाढलेला इंधनदाब अशा शक्यता तपासा. एक्झॉस्टला सडक्या अंड्यासारखा वास येणं हेही बऱ्याचदा जास्त पेट्रोल जात असल्याचं लक्षण असतं.

आता ऑइल आणि कूलंट. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती कमी होतं, याची नोंद ठेवा. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी फॉस्फरस आणि जस्ताची संयुगं घातलेली असतात. ऑइल जळलं की ती जाळीवर जाऊन बसतात आणि धातूचा लेप झाकून टाकतात. हेड गॅस्केटमधून गळणारं कूलंटही असंच नुकसान करतं. हा थर तापवून जळत नाही की धुऊन निघत नाही. यूजीन हुड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकात अमेरिकेत कन्व्हर्टर तयार केला होता, पण पेट्रोलमधल्या शिशामुळे असंच विष चढून तो टिकेना. अमेरिकी गाड्यांमध्ये १९७५ च्या मॉडेलांपासून तो सर्रास दिसू लागला, तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल पंपांवर आणावं लागलं. आज शिसं गेलं, पण ऑइल खाणारं इंजिन तेच काम जरा सावकाश करतं.

पायरी ३: एक्झॉस्टची गळती शोधा

गाडी थंड असताना इंजिन सुरू करा आणि मॅनिफोल्डपासून, म्हणजे एक्झॉस्ट इंजिनाला जोडलेला असतो तिथपासून, मागच्या सेन्सरपर्यंत कान देऊन ऐका. टक-टक किंवा फुस्स असा आवाज, सांध्याजवळ काजळीचे काळे ओघळ या गळतीच्या खुणा. या भागात बारीक चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. संगणक पेट्रोल वाढवतो आणि कन्व्हर्टरवर भार पडतो. गॅस्केट बदलणं हे कन्व्हर्टर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्तातलं काम आहे.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड लावाच. एक्झॉस्टला हात लावण्याआधी तो पूर्ण थंड होऊ द्या आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ४: दोन सेन्सरांचे आलेख

इंजिन पूर्ण तापल्यावर रेस २५०० आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरून ठेवा आणि स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचा आलेख लावा. पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो, तसा तो व्हायलाच हवा. मागचा मात्र ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे, कारण चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ते चढउतार गिळून टाकतो. मागचा आलेख पुढच्याची नक्कल करू लागला तर ही साठवणक्षमता संपली आहे. नव्या पद्धतीच्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याचा आलेख असा नाचत नाही; तिथे फक्त मागच्याकडे लक्ष द्या. मागचा सेन्सर कुठल्याच बदलाला दाद देत नसेल, रेस एकदम वाढवली किंवा सोडली तरी हलत नसेल, तर त्याच्यावर संशय घ्या.

पायरी ५: कन्व्हर्टर चोंदला आहे का

पिकअप मंदावणं, चढावर दम लागणं, जास्त वेगाला गाडी अडून राहणं ही चोंदल्याची लक्षणं. थंड डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखड वाजलं तर जाळी फुटली आहे आणि दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. खात्री करायची तर मेकॅनिककडून पुढच्या सेन्सरच्या जागी दाबमापक लावून घ्या. आयडलिंगला दाब साधारण १.२५ पीएसआय (दाबाचं एकक) पेक्षा कमी आणि २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या आत असला तर वाट मोकळी आहे. डब्याच्या आधीचं आणि नंतरचं तापमान मोजण्याची पद्धतही सर्रास सुचवली जाते. पण स्वच्छ जळणाऱ्या इंजिनात हा फरक मुळातच कमी असतो, म्हणून निव्वळ त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

साफ करावा की बदलावा

टाकीत ओतायच्या क्लीनरकडून फार अपेक्षा ठेवू नका. हलकी काजळी जमली असेल तर थोडा उपयोग होऊ शकतो, आणि तेवढी काजळी मोठ्या पल्ल्याच्या वेगवान प्रवासातही जळून जाते. वितळलेली जाळी किंवा फॉस्फरसचा थर यांवर कोणतीच बाटली चालत नाही. डबा काढून थिनरमध्ये भिजवण्याचे सल्ले फिरत असतात. ज्वलनशील द्रव भरलेला भाग पुन्हा तापत्या एक्झॉस्टवर चढवणं धोक्याचं आहे, ते करू नका.

मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून लांब धरणारा तुकडा) बसवणं किंवा डबा पोकळ करून टाकणं हे मार्ग मी कुणालाही सांगणार नाही. दिवा विझतो, पण गाडीतून निघणारा विषारी वायू तेवढाच राहतो, आणि तो मागून येणाऱ्याच्या, फुटपाथवरच्या लहान मुलाच्या श्वासात जातो. अनेक देशांत हा गुन्हाही आहे.

बदलायचाच ठरला तर आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि तिला लागू असलेल्या प्रदूषण मानकासाठी प्रमाणित केलेलाच कन्व्हर्टर घ्या. फार स्वस्त पर्यायांत मौल्यवान धातूंचा लेप कमी असतो. चाचणी निघते, पण वर्ष-दोन वर्षांत पी०४२० परत येतो. सोबत नव्या गॅस्केट घ्या. सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नका, त्याची वाफ सेन्सर निकामी करते. जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आतल्या धातूंमुळे पुनर्प्रक्रिया करणारे त्याचे चांगले पैसे देतात.

पायरी ६: कोड पुसल्यानंतरची धाव

बरेच जण इथेच अडकतात. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की संगणक स्वतः करत असलेल्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, शून्यावर येतात. जिथे चाचणी ओबीडीवरून होते, तिथे त्या अपूर्ण दिसल्या की गाडी परत पाठवतात. चाचणीच्या दारात कोड पुसून काहीच साधत नाही.

त्या पूर्ण करायला गाडी रात्रभर थंड होऊ द्या. टाकी पाव ते पाऊण भरलेली असावी. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग मोकळ्या रस्त्यावर नियमात बसणाऱ्या स्थिर वेगाने, शक्यतो ८० ते ९० किलोमीटरने, दहा-पंधरा मिनिटं चालवा. रस्ता मोकळा असेल तेव्हा एक्सिलरेटर सोडून, ब्रेक न लावता वेग आपोआप उतरू द्या. काही दिवस असं केल्यावर स्कॅनरवर मॉनिटर पूर्ण झाले का ते पाहा. कन्व्हर्टरचा मॉनिटर बहुधा उशिरा पूर्ण होतो, म्हणून दिवा विझला एवढ्यावर समाधान मानू नका.

चाचणीच्या दिवशी

ऑइल जुनं झालं असेल तर आधीच बदला. त्यात मुरलेल्या पेट्रोलची वाफ हायड्रोकार्बनचा आकडा वाढवते. एअर फिल्टर स्वच्छ असू द्या. पोहोचण्याआधी गाडी निदान वीस मिनिटं सलग चालवा. रांग मोठी असेल तर फार वेळ आयडलिंगला उभं राहिल्याने कन्व्हर्टर निवतो, म्हणून आपली पाळी येण्याआधी एक-दोन मिनिटं रेस २५०० च्या आसपास धरा.

एवढं करूनही नापास झालात तर आकड्यांचा कागद मागून घ्या. फक्त हायड्रोकार्बन जास्त असेल तर मिसफायर शोधा. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. फक्त नायट्रोजन ऑक्साइड वाढले असतील तर इंजिन जास्त तापतं आहे, मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) अडकला आहे, असं पाहत जा. मिश्रणाचं प्रमाण दाखवणारा लॅम्डा १ च्या जवळ आहे आणि तरीही तिन्ही वायू मर्यादेच्या थोडे वर आहेत, असं दिसलं तर मात्र बोट कन्व्हर्टरकडेच जातं. हा कागद आणि पहिल्या पायरीत उतरवलेले कोड एकत्र मेकॅनिकसमोर ठेवा, आणि दुरुस्तीनंतर मॉनिटर पूर्ण झाल्याशिवाय फेरचाचणीची वेळ घेऊ नका.