वेगळा म्युझिक प्लेयर घ्यावा का, आणि घेतला तर नीट लावायचा कसा

आयपॉड २००१ ला आला, २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने शेवटचा आयपॉड टचही बंद केला, आणि आता मी गाणी ऐकायला वेगळा प्लेयर वापरतो म्हटलं की समोरचा विचारतोच, अरे फोन आहे ना? आहे की, पण मी ऐकतो ते शास्त्रीय गाणं, ते पाऊण-पाऊण तास चालतं आणि तेवढा वेळ फोन काही गप्प बसत नाही. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगात आलाय, गायक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या बेतात आणि मधेच टिंग, कुठल्यातरी ग्रुपवर शुभ सकाळ. झालं, पुढची दहा मिनिटं मन काही त्यात परत जात नाही.

तरी लगेच खरेदीला धावू नका. घरात पडलेला जुना फोन काढा, सिम काढा, फॅक्टरी रीसेट मारा, व्हीएलसीसारखं गाणी वाजवणारं एकच ॲप ठेवा, गाणी भरा, एअरप्लेन मोडवर टाका आणि आठवडाभर फक्त त्याच्यावर ऐका. (मागचं कव्हर फुगलेलं दिसलं तर तो फोन चार्जिंगलाही लावू नका, बॅटरी गेलीये.) आठवडाभरात हात सारखा रोजच्या फोनकडेच गेला, रोज नवीन काहीतरी शोधून ऐकण्यातच मजा वाटली, तर वेगळा प्लेयर तुमच्यासाठी नाही, तेच पैसे चांगल्या इयरफोनला घाला, आवाजात फरक तिथेच जास्त पडतो. पण शांत वाटलं, पूर्ण राग ऐकून झाला, तर पुढचं वाचा.

सोनी अजूनही वॉकमन नावाने प्लेयर काढते, शिवाय फिओ, हायबी, शानलिंग आहेत. जाहिरातीतले मोठमोठे आकडे सोडा, तीन गोष्टी बघा. एक, खऱ्या बटणांचा पाहिजे, म्हणजे खिशातल्या खिशात आवाज कमी करता येतो. माझ्या बाबांना टचस्क्रीनवर बोट नेमकं लागत नाही, बटणं मात्र ते अंधारातही चालवतात. दोन, बंद करून चालू केल्यावर जिथे थांबलो तिथून पुढे वाजला पाहिजे, स्वस्तातले बरेच प्लेयर पहिल्यापासून सुरू करतात आणि पन्नास मिनिटांच्या रागाला ते फार जाचक होतं. तीन, देवनागरी नावं नीट दिसतात का ते घ्यायच्या आधीच बघा, नाहीतर नुसते चौकोन येतात.

आता गाणी भरणं, आणि खरं काम इथेच आहे. घरातल्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम चांगला आहे, फाइलचा फॉरमॅट फ्लॅक ठेवा, त्यात आवाजातलं काही कापलं जात नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी घेते म्हणजे तासाला १४४, फ्लॅक त्याच्या दुप्पट-अडीचपट धरा, तरी १२८ जीबीच्या कार्डात साधारण साडेतीनशे तास मावतात. कार्ड पक्क्या बिलाने घ्या. मी एकदा रस्त्यावरून स्वस्तात घेतलं, त्यावर क्षमता लिहिलेली खोटी निघाली आणि अर्ध्याच्या पुढच्या सगळ्या फाइल वाजेनात. प्लेयर जुना असेल तर तो फक्त फॅट३२ (कार्डावर फाइल मांडायची जुनी पद्धत) वाचत असेल, आणि ३२ जीबीच्या वरची कार्डं सहसा एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात, म्हणून कार्ड दिसत नसेल तर आधी हेच तपासा.

टॅगिंगला, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये नाव, गायक, क्रम भरायला, कंटाळा करू नका. आपल्याकडच्या सीडीवर एकाच रागाचे विलंबित आणि द्रुत (जलद) असे दोन ट्रॅक असतात, ट्रॅक नंबर नसले की प्लेयर नावाच्या क्रमाने लावतो आणि द च्या नंतर व, म्हणजे आधी द्रुत वाजतं, मग विलंबित! म्हणून एमपीथ्रीटॅग या टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाला ०१, ०२ घालाच. आणि तबला-हार्मोनियमवाल्यांची नावं आर्टिस्टच्या रकान्यात घातली की एकाच मैफिलीचे चार अल्बम होतात, तेव्हा अल्बम आर्टिस्टमध्ये फक्त मुख्य गायकाचं नाव ठेवा आणि साथीदारांची नावं कॉमेंटमध्ये लिहा, पण लिहा नक्की, त्यांचंही वाजवणं आहे ते.

फोल्डर मी गायकाप्रमाणे न करता रागाच्या वेळेप्रमाणे केलेत, ०१ सकाळ, ०२ दुपार, ०३ संध्याकाळ, ०४ रात्र. इथेही आकडे लागतातच, नाहीतर दुपार आणि रात्र सकाळच्या आधी येऊन बसतात. बाबा पाच वाजता उठतात, चहा टाकायच्या आधी पहिलं फोल्डर उघडतात, आणि मी उठेपर्यंत सकाळच्या रागांतली तोडी निम्मी झालेली असते.