'ऑलमोस्ट डन' म्हणण्याआधी

हिंजवडीत पहिली नोकरी लागली तेव्हा कोड लिहिता येत होता, 'अडकलेय' म्हणता येत नव्हतं.

तिकीट, म्हणजे मला दिलेलं दुरुस्तीचं काम, साधं होतं. चोवीस तास चालणाऱ्या औषध दुकानांची काही बिलं रिपोर्टमध्ये आदल्या दिवशीच्या तारखेला दिसत होती. एस्टिमेट विचारलं, मी दोन दिवस म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये म्हणाले, 'ऑलमोस्ट डन'. चौथ्या दिवशीही तेच. फसगत इथेच होते. एकदा असं म्हटलं की उद्या 'अडकलेय' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मग काल काय केलंस हा प्रश्न येणार. मग रात्री लॅपटॉप उघडायचा, सकाळपर्यंत सुटेल या आशेवर. झोप नाही म्हणून डोकं चालत नाही, डोकं चालत नाही म्हणून पुन्हा 'ऑलमोस्ट डन'. नऊ दिवस. आईचा फोन आला की कट करायचे.

शेवटी टीममधल्या एका सिनिअरने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "चुकलेल्या बिलांच्या वेळा वाच बघू." सगळी रात्री बारा ते साडेपाचमधली. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथे तेव्हा आदलाच दिवस. दहा मिनिटांत उलगडा. मला तिथेच रडू आलं.

म्हणून सांगते, दोन तास एकाच जागी अडकलात की विचारा. काय करून पाहिलं, काय दिसलं, कुठे अडलं, एवढं लिहून विचारा. कुणी तोंड वाकडं करेल, करू दे. एआयकडून कोड घेऊन न समजता चिकटवणं मला अजिबात पटत नाही. रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टिम, बंद पडलं की उत्तर तुम्हालाच द्यायचंय. आणि मेंटॉर पद बघून निवडू नका. जो स्वतः 'मला माहीत नाही' म्हणतो, त्याच्याकडे जा.

अमेरिकन क्लायंट असेल तर एक लक्षात ठेवा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे जातात आणि आपला साडेसातचा कॉल साडेआठला सरकतो. दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याचं आधीच बोलून घ्या, नंतर कुणी विचारत नाही.

तरीही छातीत धडधड, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा, असं होत असेल तर तुम्ही कच्चे नाही. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित बाब म्हणून केली आहे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मी फार उशिरा लावला. तुम्ही नऊ दिवस थांबू नका.