आधी कागद, मग झाडं

जुनं डच निसर्ग-एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं निसर्गचित्र, घ्यायचं असेल तर फ्रेममधलं तसंच उचलू नका. विकणाऱ्याला फ्रेम उघडायला सांगा. कुरकुर करायला लागला तर आभार मानून पुढच्या टेबलाकडे वळा. हे शहाणपण मला १२० युरोंना पडलंय. ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलव्हेनला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी सोनेरी चौकटीतलं एक ओढ्याकाठचं चित्र घरी आणलं. "सतरावं शतक, अस्सल," असं विकणारा म्हणाला होता. कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला होता, रेषाही झकास. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, बदलायला म्हणून काढलं, कागद खिडकीशी धरला, तर आत काहीच नाही. दुधाच्या सायीसारखा सपाट.

त्या काळचा कागद तारांच्या साच्यावर गाळलेला असायचा. उजेडात धरला की साधारण अडीच सेंटिमीटरवर एकेक ठळक रेघ दिसते आणि तिला आडव्या जाणाऱ्या बारीक रेघांची दाटी. सपाट कागद आला तो १७५०नंतर. म्हणजे माझं चित्र सतराव्या शतकातलं असणं शक्यच नव्हतं. पुढे भिंगाखाली बघून घेतलं, तर ती फोटोच्या मदतीने पत्रा खोदून काढलेली एकोणिसाव्या शतकातली नक्कल निघाली. असा पत्राही दाब उमटवतोच, त्यामुळे नुसत्या दाबावर भाळू नका. दहापट भिंगाखाली जाळीदार ठिपके दिसले तर प्रश्नच मिटला, ते साधं छापील चित्र. आणि उलटंही खरं: रेघांचा कागद नंतरही बनत राहिला. रेघा नसतील तर वस्तू बाद, असतील तर पुढची तपासणी सुरू, एवढाच त्याचा अर्थ.

आता घ्यायचं कुणाचं? रेम्ब्रांटचं नाव डोक्यातून काढा. १६४३चं 'तीन झाडं' म्युझियममध्ये जाऊन बघा, डोळे निवतील. पण त्याचे ८०च्या आसपास तांब्याचे पत्रे तो गेल्यावरही टिकले आणि पार विसाव्या शतकापर्यंत त्यांच्यावरून प्रती निघत राहिल्या. "रेम्ब्रांटच्या मूळ पत्र्यावरून" हे वाक्य खरं असूनही हातात झिजलेली रेघोटी येऊ शकते. त्याच काळातला निसर्गचित्रकार राऊसदाल, त्याची एचिंग्ज मोजून डझन-तेरा, ती आपल्या खिशाबाहेर. आलार्ट फान एव्हरडिंगन हवा तर घ्या, मात्र त्याच्याकडे सपाट हॉलंड कमी. तो स्कँडिनेव्हिया बघून आला होता, त्यामुळे खडक, धबधबे, ओंडक्यांची घरं.

मी सुरुवात वाटर्लोपासून केली. आंतोनी वाटर्लो, १६०९ ते १६९०. सव्वाशेहून जास्त पत्रे, बहुतेक झाडीचे: वाट, ओढा, एखादा फाटका वाटसरू. याच्यात एक गंमत आहे, ती कळली की अर्धी परीक्षा झाली. पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने चित्र काढायचं आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाला खाऊ द्यायचं, हे झालं एचिंग. वाटर्लो आम्लाला फार खोल जाऊ देत नसे. पानांचा गडदपणा मग तो कोरणीने वाढवायचा. पत्रा झिजला की आधी जातात त्या उथळ रेषा: आकाश, दूरची झाडी, पाण्यावरची थरथर. कोरलेलं काळं तेवढं शिल्लक राहतं. माझ्याकडे त्याच्या एकाच चित्राच्या दोन प्रती आहेत. ९० युरोंच्या प्रतीत झाडांमागची टेकडी धूसर, हवेत तरंगल्यासारखी. २० युरोंच्या प्रतीत टेकडीच्या जागी कोरा कागद, आणि पुढचं झाड डांबराने रंगवल्यासारखं. दुसरी मी मुद्दाम घेतली, लोकांना फरक दाखवायला.

म्हणून विकत घेताना नजर आधी क्षितिजाकडे न्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर बहुतेक सगळी चित्रं मोठ्या आकारात फुकट आहेत. फोनवर तेच चित्र उघडा आणि दूरच्या रेषा एकेक करून ताडून पाहा. विकणाऱ्याच्या वर्णनात नावापुढे 'बार्च' आणि एक आकडा असतो, तो आदाम फॉन बार्चने केलेल्या जुन्या एचिंग्जच्या सूचीतला. पत्र्यात कोरलेलं नाव म्हणजे चित्रकाराची सही नव्हे, ते प्रत्येक प्रतीत येतं. दाबाबाहेर थोडा समास उरला असेल तर उत्तम. बोटभर उरला तर जरा संशयच घ्या. मागे संग्राहकाचा शिक्का असेल तर फ्रिट्स लुख्टने केलेल्या अशा शिक्क्यांच्या सूचीत तो शोधायचा, तीही ऑनलाइन आहे. माझे दोन रविवार त्यातच गेलेत.

शोधायला ॲमस्टरडॅममध्ये स्पाउ चौकातला शुक्रवारचा पुस्तकबाजार बरा, ऑगस्टमध्ये डेव्हेंटर शहरातला. सकाळी लवकर जा आणि पेटीतले कागद कोरड्या हातांनी, दोन्ही हातांनी उचला.

घरी आणल्यावर सेलोटेप अजिबात नको. आम्लरहित माउंट, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चची खळ. काच कागदाला टेकता कामा नये, ऊनही नको.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला निघताना वाटलं, एक आईला द्यावं. आमच्या गावात डचांची पडकी वखार आहे, तीही सतराव्याच शतकातली, म्हटलं शोभेल. पण आमच्याकडचा पाऊस आणि कपाटातली कसर आठवली. शेवटी फोटो काढून त्याची छापील प्रत नेली. आईने ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "रंग खंय गेले गो?"