व्हरॅसिटी: वापरायचा कुठं, टाळायचा कुठं

हिंगणघाटकडच्या आमच्या गावात संध्याकाळच्या शिकवणीला भरतीची तयारी करणारी पोट्टे येतात. वहीत ‘व्हरॅसिटी (veracity) म्हणजे सत्यता’ एवढं लिहिलं की त्यांचं काम झालं. मग वाक्य करा म्हटलं की ‘माय फादर इज अ व्हरॅसिटी मॅन’! असं नका करू बावा. वडिलांचा प्रामाणिक स्वभाव सांगायचा तर ‘ऑनेस्ट’. व्हरॅसिटी लागते ती बहुतेक वेळा बोलण्याला: बयान, दावा, बातमी, तक्रार. उच्चारताना जोर ‘रॅ’वर.

साक्षीदाराला मात्र हा शब्द थेट लागतो, कारण तिथं माणूस म्हणजे त्याची जबानीच. 1872 च्या साक्ष कायद्यातलं कलम 146 पाहा. उलटतपासणीत साक्षीदाराची ‘व्हरॅसिटी’ तपासणारे प्रश्न विचारता येतात, असं त्यात होतं. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. पोलीस भरतीवाल्यांनी हे लक्षात ठेवाच.

आता खरी गोम. ‘अ‍ॅक्युरसी’ (अचूकपणा) आणि व्हरॅसिटी यांत पोट्टे हमखास फसतात. कापसाच्या हंगामात समजते. कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) 12 टक्क्यांवर ओलावा चालत नाही. समजा यंत्रानं 14 दाखवला आणि यंत्रच बिघडलेलं निघालं, तर प्रश्न अ‍ॅक्युरसीचा. यंत्र न लावताच, बोंड नुसतं चिमटीत दाबून कोणी ‘चौदा आहे, भाव कमी लागंल’ म्हणाला, तर म्हणा, ‘आय डाउट द व्हरॅसिटी ऑफ युअर क्लेम.’ (त्यानं भाव वाढणार नाही, पण वाक्य बरोबर आहे.) यंत्र चुकते, खोटं बोलत नाही.

व्याकरण थोडंच. आधी डाउट, क्वेश्चन, चेक किंवा एस्टॅब्लिश, नंतर ‘ऑफ’. व्हरॅसिटीच्या आधी ‘अ’ लावायचा नाही. ‘टेल द व्हरॅसिटी’ कोणी म्हणत नाही, तिथं ‘ट्रुथ’. घरच्या गप्पांत तर हा शब्द काढूच नका, कागदी वाटतो.

शेवटचा खड्डा स्पेलिंगचा. व्हीनंतर ई असेल तर खरेपणा, ओ असेल (voracity) तर अधाशीपणा. कानाला दोन्ही जवळपास सारखेच, म्हणून पेपर काढणारे ते एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवतात. ‘व्हेरिफाय’ आणि ‘व्हर्डिक्ट’ आठवा, त्यांतही व्हीनंतर ईच आहे. तिन्ही शब्द खरं या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दावरून आले. पुस्तकांचा फडशा पाडणारा वाचक मात्र ओवाला.