ओळखपत्रावर पोस्ट बॉक्सचा पत्ता? या चुका टाळा

ओळखपत्राच्या अर्जात पत्त्याचे बहुधा दोन रकाने असतात. एक राहण्याच्या पत्त्याचा, दुसरा टपालाच्या. घाईत माणूस पहिल्यात पोस्ट बॉक्सचा, म्हणजे पोस्टात टपालासाठी घेतलेल्या खणाचा, नंबर लिहितो, दुसऱ्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होतो, आणि काही दिवसांनी अर्ज जसाच्या तसा परत येतो. दोन्ही रकाने दिसायला सारखे असले तरी विचारतात वेगळंच: तुम्ही राहता कुठे, आणि तुमचं पत्र टाकायचं कुठे? पोस्ट बॉक्स हे दुसऱ्या प्रश्नाचं चोख उत्तर आहे. पहिल्याचं नाही, कारण लोखंडी खणात कुणी राहत नाही.

अमेरिकेत हा घोळ बराच दिसतो. तिथे राज्यं जे वाहन परवाने आणि ओळखपत्रं देतात, त्यांचे निकष २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्याने ठरवले; त्यानुसार कार्डावर मुख्य निवासाचा पत्ता छापावा लागतो. मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी या कार्डाचा नियम लागू झाला आणि ते काढायला गेलेले बरेच जण तेव्हाच पहिल्यांदा खिडकीवर अडकले.

गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांनी अर्ज अगदी बरोबर भरलेला असतो. मार बसतो तो पुराव्यात. निवासाचे किमान दोन कागद लागतात. वर्षानुवर्षं सगळं टपाल बॉक्सवर मागवलेलं, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट, विम्याचं पत्र, फोनचं बिल, सगळ्यांवर बॉक्स नंबरच छापलेला. घराचा पत्ता एकाही कागदावर नाही! अशा वेळी विजेचं किंवा पाण्याचं बिल नीट बघा. वर पाकिटाच्या खिडकीतून दिसणारा पत्ता टपालाचा असतो; आत कुठेतरी बारीक अक्षरात ‘सर्व्हिस ॲड्रेस’ असतो, म्हणजे मीटर जिथे बसवला आहे ती जागा. तो ज्या पानावर आहे ते पान सोबत न्या. बहुतेक जण पहिलं पान तेवढं छापून नेतात. आणि पासपोर्ट दाखवून हे काम होईल अशी आशा धरू नका. अमेरिकन पासपोर्टवर पत्ता छापलेलाच नसतो. त्याच्या अर्जातसुद्धा टपालासाठी बॉक्स दिलात तर कायमचा पत्ता वेगळा लिहावा लागतो.

दुसरी चूक जरा हुशारीतून होते. बॉक्सला घराचा वेश चढवायचा. अमेरिकन टपाल खातं काही ठिकाणी ‘स्ट्रीट ॲड्रेसिंग’ नावाची सोय देतं: पोस्ट ऑफिसच्या इमारतीचा रस्ता-क्रमांक आणि पुढे तुमचा बॉक्स नंबर. सोय आहे ती कुरियरची पार्सलं घेण्यासाठी, कारण खासगी कुरियरवाले सहसा पोस्ट बॉक्सवर माल देत नाहीत. हा पत्ता कायदेशीर कागदांत निवास म्हणून वापरता येत नाही, ही अट त्या करारातच आहे. खासगी मेलबॉक्सच्या दुकानातला २१४ नंबरचा खण ‘अपार्टमेंट २१४’ म्हणून खपवणारेही भेटतात. तो पत्ता टपाल देणाऱ्या दुकानाचा आहे, अशी खूण टपाल खात्याच्या पत्त्यांच्या यादीत असते, त्यामुळे पडताळणीत तो उघडा पडतो. मग प्रश्न पत्त्याचा राहत नाही, खोट्या माहितीचा होतो.

मराठी माणसाची एक खास चूक यात मिसळते. आपल्याला ‘मु. पो.’ लिहायची सवय, आणि आधार कार्डावर इंग्रजीत ‘पीओ’ लिहून पुढे टपाल कार्यालयाचं नाव छापलेलं असतं. भारतातला कायमचा पत्ता परदेशी ऑनलाइन अर्जात तसाच उतरवला की काही यंत्रणा ‘पीओ’ दिसताच पोस्ट बॉक्स समजून तांबडी रेघ ओढतात. ती दोन अक्षरं काढून गावाचं नुसतं नाव ठेवा. पिनकोड पोस्टापर्यंत पोचवायला पुरेसा आहे.

बरं, घराला नंबरच नसेल तर? हा प्रश्न लबाडीचा नाही. केनियात टपालाचा पत्ता म्हणजे मुख्यतः बॉक्स नंबरच. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या मूलनिवासींच्या राखीव वस्त्यांत अनेक घरांना रस्ता-क्रमांक नव्हता. लोक पोस्ट बॉक्सच वापरत. मतदानाच्या वेळी दाखवायच्या ओळखपत्रावर निवासाचा रस्ता-पत्ता हवाच, असा राज्याचा नियम २०१८ च्या निवडणुकीआधी सर्वोच्च न्यायालयाने लागू राहू दिला आणि जमातींना ऐन वेळी नवी ओळखपत्रं काढून द्यावी लागली. २०२० मध्ये जमाती आणि राज्य यांच्यात झालेल्या तडजोडीत, नकाशावर घराची जागा दाखवण्याची मुभा मिळाली. इतका खटाटोप होण्याआधी एक साधं काम करता येतं: आपत्कालीन सेवेसाठी घरांना क्रमांक देणारं स्थानिक कार्यालय गाठून नंबर मागून घ्या. रिअल आयडीच्या नियमांतही, जिथे रस्ता-क्रमांक दिलेलेच नाहीत तिथे टपाल खात्याची प्रचलित पत्तापद्धत चालते.

जिवाच्या भीतीने घर लपवावं लागतं, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी स्वतःच्या अकलेने बॉक्स नंबर देऊन बसू नये. वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये गोपनीय पत्त्याची योजना सुरू केली, पुढे इतर राज्यांतही अशा योजना आल्या. त्यात सरकारच पर्यायी पत्ता देतं, आणि तो बहुधा पोस्ट बॉक्सच असतो! फरक इतकाच की खरा पत्ता सरकारकडे नोंदलेला असतो.

आता उलटी चूक. ती मी स्वतः केली आहे. अमेरिकेत मी राहत होतो त्या छोट्या गावात पोस्टमन दारोदार फिरत नसे. अशा लोकांना टपाल खातं एक बॉक्स विनाभाडं देतं. वरचं सगळं ठाऊक असल्याच्या तोऱ्यात मी दोन्ही रकान्यांत घराचा पत्ता लिहिला. कार्ड छापलं गेलं, निघालं, आणि पाकिटावर पिवळी चिकटपट्टी लावून परत गेलं: ‘नो मेल रिसेप्टॅकल’. दाराशी पेटीच नाही. पुन्हा शुल्क, पुन्हा रांग. तिथे टपालाच्या रकान्यात बॉक्स लिहायलाच हवा होता.

गावात नवे असाल तर क्रमही सांभाळा. बॉक्स घ्यायलाच दोन ओळखपत्रं लागतात आणि त्यांतल्या एकावरून राहतं घर पडताळतात. म्हणजे आधी भाडेकरार किंवा विजेची जोडणी, मग बॉक्स, मग अर्ज. बॉक्सचं भाडं कधी संपतंय तेही अर्ज टाकण्याआधी बघा; कार्ड वाटेत असताना बॉक्स बंद झाला तर पाकीट आल्या वाटेने परत जातं.